प्राण्यांचे रंग व रंगद्रव्ये

प्राण्यांच्या त्वचेचा, केसांचा, पिसांचा किंवा खवल्यांचा रंग दोन मार्गांनी निर्माण होतो: प्रकाशाचा काही भाग शोषून घेणाऱ्या रंगद्रव्यांमुळे आणि प्रकाश विशिष्ट प्रकारे परावर्तित करणाऱ्या सूक्ष्म रचनांमुळे. काही रंगद्रव्ये प्राण्याच्या शरीरातच तयार होतात, तर काही त्याला अन्नातून मिळवावी लागतात.

मेलॅनिन

सस्तन प्राण्यांच्या त्वचेचा व केसांचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. टायरोसीन या अमिनो आम्लापासून ते मेलॅनोसाइट नावाच्या पेशींत बनते; या प्रक्रियेची सुरुवात टायरोसिनेज हे विकर करते. मेलॅनिनचे दोन प्रमुख प्रकार आहेत: काळे-तपकिरी यूमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. वाघाचे पट्टे पहिल्यामुळे काळे, तर उरलेले अंग दुसऱ्यामुळे नारिंगी दिसते. हरीणवर्गीय प्राण्यांना तांबडा व हिरवा यांतील फरक नीट कळत नसल्याने हा नारिंगी रंग गवतात त्यांच्या नजरेस सहज येत नाही.

सयामी मांजरातील टायरोसिनेज उष्णतेने निष्क्रिय होते. म्हणून उबदार गर्भाशयातून जन्मलेली पिल्ले जवळजवळ पांढरी असतात, आणि पुढे कान, तोंड, पंजे व शेपटी हे तुलनेने थंड भाग तेवढे गडद होतात.

पांढरा वाघ

पांढरा वाघ ही वेगळी जात किंवा उपजात नाही. तो वर्णहीनही नसतो. एका जनुकातील उत्परिवर्तनामुळे त्याच्यात फिओमेलॅनिन जवळजवळ बनत नाही, मात्र यूमेलॅनिन बनत राहिल्याने पट्टे टिकून राहतात. रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी १९५१ मध्ये पकडलेला ‘मोहन’ हा बंदिवासातील अनेक पांढऱ्या वाघांचा पूर्वज होय. हा गुणधर्म अप्रभावी असल्याने तो टिकवण्यासाठी मोहनचा संकर त्याच्याच कन्येशी करण्यात आला व १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. पुढेही जवळच्या नात्यांतील संकर चालू राहिल्याने या वाघांच्या वंशात शारीरिक दोष वाढले. तिरळेपणाचे कारण मात्र निराळे आहे: रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची जोडणीच बदलते.

आहारातून मिळणारे रंग

पिवळ्या ते लाल छटांची कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये वनस्पती, शैवाल, बुरशी व जीवाणू तयार करतात. काही मावा कीटकांसारखे मोजके अपवाद वगळता प्राण्यांना ती बनवता येत नाहीत. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा गुलाबी रंग शैवाल व लहान कवचधारी जीवांतून मिळतो. त्यांची पिल्ले करड्या रंगाची असतात.

रचनात्मक रंग

मोराच्या पिसात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसते. तेथे मेलॅनिनच्या सूक्ष्म दांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यातील अंतरानुसार रंग बदलतो. पांढऱ्या मोराच्या पिसांत मेलॅनिनच नसल्याने निळाईही नाहीशी होते.

रंग व नैसर्गिक निवड

इंग्लंडमधील बिस्टन बेट्युलॅरिया हा पतंग मूळचा फिकट, ठिपकेदार आहे. त्याच्या काळ्या प्रकाराची नोंद १८४८ मध्ये मँचेस्टर येथे झाली. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडल्यावर फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले, आणि शतक संपेपर्यंत त्या भागात जवळजवळ सर्वच पतंग काळे झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुराचे प्रमाण घटल्यावर फिकट पतंगांची संख्या पुन्हा वाढली.