वगळून घडलेला कॅमेरा

हौशी माणसाच्या डीएसएलआरची कुळकथा सहसा सेन्सरपासून सुरू करतात. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ३ कॅमेऱ्याला १३ लाख पिक्सेलचा सेन्सर जोडला. फोटो साठवायचं वेगळं धूड खांद्याला अडकवून फिरावं लागे. पुढे सेन्सर स्वस्त झाले आणि कॅमेरा सामान्यांच्या हाती आला. हे खरं, पण अर्धंच. ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ईओएस ३००डीची बॉडी ८९९ डॉलरला बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ६३ लाख पिक्सेलचा जो सेन्सर होता, त्याच जातीचा कॅननच्याच त्याच वर्षीच्या महागड्या १०डीतही होता. म्हणजे दोघांतला फरक सेन्सरचा नव्हता. माझ्या मते हा कॅमेरा घडला तो त्यातून काय काढायचं, या निर्णयांतून.

मॅग्नेशियमच्या सांगाड्याऐवजी प्लॅस्टिक आलं, हे वरवरचं. खरी कात्री व्ह्यूफाइंडरवर चालली. कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या उंचवट्यात १०डीमध्ये भरीव काचेचा पंचकोनी लोलक होता. ३००डीत तिथे आतून आरसे लावलेली पोकळ पेटी बसवली. वजन आणि खर्च दोन्ही उतरले, पण प्रत्येक आरसा थोडा प्रकाश खातो, त्यामुळे डोळ्याला दिसणारं दृश्य मंदावलं. उलट लेन्सच्या बाबतीत काटछाटीतूनच नवं काही निघालं. सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून ३००डीत हलणारा आरसाही लहान ठेवला. मग लेन्सचं मागचं टोक बॉडीत अधिक आत जाऊ शकलं आणि १८-५५ मिमीची स्वस्त लेन्स जमली. ती १०डीवर बसतच नसे!

यावर आक्षेप असा, की काही गोष्टी काढून एक पैसाही वाचला नव्हता. तो रास्त आहे. हौशी प्रोग्रॅमरांनी सॉफ्टवेअर बदलताच याच कॅमेऱ्यात फ्लॅशची तीव्रता कमीजास्त करण्याची सोय आणि आयएसओ ३२०० उघडले. ही काटकसर नव्हे, १०डीचा खप सांभाळणं होतं. पण ते फार टिकलं नाही: २००४ मध्ये निकॉनचा डी७० समोर उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी ३५०डीत फ्लॅशची ती सोय कॅननने स्वतःच दिली. प्लॅस्टिक आणि आरशांची पेटी मात्र या वर्गात मुक्कामालाच राहिली. निकॉनने तर २००६ च्या डी४०मधून फोकसची मोटरच काढली. कितीतरी जुन्या लेन्स त्यावर बसत, फोकस मात्र हातानेच करावा लागे.