पदवीनंतरचे वैद्यकीय अध्ययन आणि नोंदपुस्तक : मुंबई इलाख्याचा अनुभव

वैद्यकीय शिक्षण पदवीने संपत नाही, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्यालाही इतिहास आहे याचा सहसा विसर पडतो. पदवीधर डॉक्टराने आयुष्यभर शिकत राहावे, ही अपेक्षा जुनीच आहे. परंतु ते शिकणे कोणी घडवून आणावे, कोणत्या भाषेत, कोणाच्या खर्चाने, आणि जो शिकत नाही त्याचे काय करावे, हे प्रश्न मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वेळोवेळी उपस्थित झाले, आणि त्यांची जी उत्तरे मिळत गेली ती एकमेकांशी जुळणारी नव्हती. एका बाजूस वैद्यकीय सभा व परिषदा आणि दुसऱ्या बाजूस सरकारमान्य नोंदपुस्तक, अशा दोन व्यवस्था जवळजवळ स्वतंत्रपणे वाढल्या. त्यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती २००२ साली. तोपर्यंत ही फारकत कोणाला महाग पडली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वैद्यकीय सभांची परंपरा इंग्रजांबरोबर आली. कलकत्त्यास १८२३ साली मेडिकल अँड फिजिकल सोसायटी स्थापन झाली; तिच्याच नमुन्यावर मुंबईतही त्याच नावाची संस्था निघाली व १८३८ पासून तिची ‘ट्रॅन्झॅक्शन्स’ छापली जाऊ लागली. सभासद बहुतेक कंपनीच्या नोकरीतील शस्त्रवैद्य. दूरच्या छावणीत एकट्याने काम करणाऱ्या माणसाला आपला रोगी दुसऱ्या जाणत्याला दाखविण्याची सोय नव्हती. ती उणीव लेखी वृत्तांताने भरून निघे. एतद्देशीयांना या मंडळात स्थान मिळण्यास त्यांच्यातून पदवीधर निर्माण व्हावे लागले. मॅक्लेनन यांची १८२६ ची देशी वैद्यकशाळा सहा वर्षांत बंद पडली होती. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली तेथून पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, गोमंतकीय वनस्पतिज्ञ लिस्बोआ ही त्या तुकडीतील नावे पाहिली म्हणजे या पिढीची जिज्ञासा रुग्णालयाच्या भिंतीत मावणारी नव्हती हे ध्यानात येते. या पदवीधरांची ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी आणि पुढे १८८३ ची बाँबे मेडिकल युनियन यांच्या बैठकींतून निबंध वाचले जात, विलक्षण रुग्णांची चर्चा होई. त्याच बैठकींत इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मक्तेदारीविरुद्धची गाऱ्हाणीही मांडली जात. अध्ययन व हक्क एकाच खोलीत नांदत होते, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. ज्याला अध्यापकाची जागा मिळू शकत नव्हती त्याला आपली विद्वत्ता सिद्ध करण्याचे दुसरे व्यासपीठ नव्हते.

परंतु या सभांची भाषा इंग्रजी होती, आणि इलाख्यातील सगळे वैद्यकीय काम इंग्रजी जाणणाऱ्यांच्या हाती नव्हते. ग्रँट कॉलेजात १८६१ पासून मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालू झाले. तेथे शिकविणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. पुण्यास १८७८ साली बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल निघाले. या वर्गांतून बाहेर पडलेले हॉस्पिटल असिस्टंट तालुक्याच्या गावी दवाखाना सांभाळीत. एकदा वर्ग सुटला की यांच्यासाठी ना सभा होती ना मासिक. जे मराठी पाठ्यपुस्तक त्यांनी विद्यार्थिदशेत वाचले तेच त्यांच्या आयुष्यभराचे शास्त्र ठरण्याचा धोका होता. पाठ्यपुस्तक भाषांतरित करणे ही एकदाची मेहनत असते. चालू ज्ञान भाषांतरित करीत राहणे ही अखंड मेहनत आहे, आणि तिची जबाबदारी कोणीच उचलली नाही.

ही उणीव किती गंभीर होती हे प्लेगने उघड केले. १८९० साली मुंबईत पदवी घेतलेला डॉक्टर घ्या. प्लेगचे जंतू त्याच्या अभ्यासक्रमात असणे शक्यच नव्हते, कारण ते १८९४ साली हाँगकाँग येथे सापडले. हिवतापाचा परोपजीवी त्याने कदाचित ऐकला असेल. पण तो डासांतून वाढतो हे रॉस यांनी सिकंदराबादेस ऑगस्ट १८९७ मध्ये पाहिले. म्हणजे पदवीनंतर दहा वर्षांच्या आत त्याच्या प्रांतातील दोन सर्वांत घातक रोगांचे शास्त्र मुळापासून बदलले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो रोग्याच्या लक्षणांवरून. व्हिएगस ग्रँट कॉलेजचेच पदवीधर होते आणि म्युनिसिपालिटीच्या कामात वावरणारे होते. त्यांचे निदान आरंभी अनेकांना पटले नाही. जंतू दाखविल्यावर वाद मिटला. हाफकिन ऑक्टोबरात मुंबईस आले, ग्रँट कॉलेजातील एका खोलीत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

याच्या पुढील दहा वर्षांचा वृत्तांत पदवीनंतरच्या शिक्षणाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. सरकारी यंत्रणा घरे धूत होती, चुना व कार्बोलिक वापरीत होती, कौले काढीत होती, माणसांना वेगळे ठेवीत होती. पुण्यात या कारवाईने काय अनर्थ केला आणि २२ जून १८९७ ची रात्र कशी आली, हे सर्वश्रुत आहे. कराचीत १८९८ साली सिमाँ यांनी पिसवांकडे बोट दाखविले होते, पण हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने तो निष्कर्ष अमान्य केला. अधिकृत ज्ञान हेच अद्ययावत ज्ञान असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेवटी लिस्टन यांचे निरीक्षण आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत चाललेले पद्धतशीर प्रयोग यांनी उंदीर, पिसू व माणूस ही साखळी सिद्ध झाली. हे प्रयोग मुंबईच्या चाळीत व परळच्या आवारात झाले. त्यांचे अहवाल १९०६ पासून छापले गेले ते ‘जर्नल ऑफ हायजीन’ या विलायतेतील नियतकालिकात. परळपासून साताऱ्याच्या तालुका-दवाखान्यापर्यंत ज्ञान पोचायचे तर ते इंग्लंडला वळसा घालून यावयाचे होते, आणि आल्यावर ज्या भाषेत यावयाचे ती तेथील हॉस्पिटल असिस्टंटाची भाषा नव्हती. याउलट कौले काढण्याचा हुकूम मात्र त्याच्यापर्यंत विनाविलंब पोचत असे.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १९०९ मध्ये मुंबईत वैद्यकीय परिषद भरली. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी तिचे उद्घाटन केले. कार्यवृत्त जेनिंग्ज यांनी संपादित केले. अशी पहिली अखिल भारतीय परिषद १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास झाली होती. पण मुंबईच्या परिषदेला जो नवा आशय होता तो कलकत्त्याच्या वाट्याला येणे शक्य नव्हते, कारण मधल्या पंधरा वर्षांत उष्णकटिबंधीय वैद्यकाचा पायाच नव्याने घातला गेला होता. प्लेग, हिवताप व इतर देशी रोगांवर ज्यांनी स्वतः काम केले त्यांच्या तोंडून ते ऐकण्याची संधी येथे मिळाली. परंतु परिषदेला येणे म्हणजे रजा, प्रवास, मुंबईतील मुक्काम आणि इंग्रजी. ज्यांना हे चारही साधले ते आधीच बरेच जाणणारे होते.

याच सुमारास वैद्यही संघटित होत होते, हे येथे नमूद केले पाहिजे. १९०७ साली नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद महामंडळाची स्थापना केली आणि त्यातून वैद्यसंमेलनांची परंपरा सुरू झाली. आधुनिक डॉक्टरांच्या परिषदेचे हे अनुकरण होते असे म्हणून ते प्रकरण निकालात काढण्याची प्रवृत्ती दिसते, ती न्याय्य नव्हे. गुरूकडून घरगुती परंपरेने शिकलेल्या वैद्यांना एकत्र बसवून पाठभेद व पद्धतिभेद चर्चेस आणणे, हे त्या परंपरेच्या दृष्टीने डॉक्टरी परिषदेहूनही धाडसाचे काम होते.

नोंदपुस्तक आले ते यानंतर तीनच वर्षांनी. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने इलाख्यात मेडिकल कौन्सिल व नोंदणी यांची तरतूद झाली. हिंदुस्थानातील अशा कायद्यांत हा आद्य होय. त्याची दृष्टी इंग्लंडच्या १८५८ च्या कायद्याची होती : मान्य शिक्षण घेतलेला कोण आणि न घेतलेला कोण, हे लोकांना कळावे. नाव एकदा चढले की ते गुन्ह्यामुळे अथवा व्यवसायास लांछनास्पद वर्तनामुळेच उतरावयाचे, अज्ञानामुळे नव्हे. प्लेगच्या अनुभवानंतर इतक्या लवकर झालेल्या कायद्यात चालू ज्ञानाचा विचार अजिबात नसावा, हे आश्चर्यकारक वाटते. परंतु कायदा करणाऱ्यांपुढचा प्रश्न निराळा होता. त्यांना रेषा आखावयाची होती, आणि रेषा आखण्यास पदवी सोयीची. वैद्यांना या रेषेच्या आत प्रवेश मिळण्यास १९३८ चा स्वतंत्र कायदा व्हावा लागला.

रेषेच्या आतही पंक्तिभेद होता. पदवीधर आणि परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट, असे दोन वर्ग होते. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने अखिल भारतीय मान्यता दिली ती केवळ विद्यापीठीय पदव्यांना. भोर समितीने १९४६ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने यापुढे एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर निर्माण करावा असे सुचविले. व्यवसायात असलेल्यांसाठी उजळणी वर्गांचीही शिफारस केली. पहिली सूचना अमलात आली. वैद्यकीय शाळांची महाविद्यालये झाली. पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय त्याच वर्षी झाले. दुसरी सूचना मात्र बरीचशी कागदावर राहिली. नव्या पिढीचा दर्जा वाढविण्यास पैसा मिळाला, जुन्या पिढीला वर आणण्यास मिळाला नाही. आणि ग्रामीण भागातील रोगी पुढची पंचवीस-तीस वर्षे जुन्या पिढीच्याच हाती राहणार होता.

ही वर्षे औषधोपचारात अभूतपूर्व उलथापालथीची होती. सल्फा औषधे १९३५ नंतरची, पेनिसिलीन महायुद्धातले, स्ट्रेप्टोमायसीन १९४४ चे, आयसोनियाझिड १९५२ चे. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले की घरी राहून औषधे घेणारा क्षयरोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. मिरजेच्या वा पाचगणीच्या हवेवर भरवसा ठेवून रोग्यांना तिकडे पाठविणाऱ्या डॉक्टरांना हे नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणे अधिक कठीण गेले असले पाहिजे. विशेषज्ञांच्या संघटना या काळात भक्कम झाल्या : शल्यवैद्यांची १९३८ साली, कायचिकित्सकांची १९४४ साली. इंडियन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली सामान्य व्यवसायी डॉक्टरांसाठी स्वतंत्र महाविद्यालय स्थापिले. तरीही गावोगावच्या दवाखान्यात नव्या औषधाची वार्ता नियमितपणे घेऊन जाई तो औषध कंपनीचा प्रतिनिधी. विद्यापीठाने, सरकारने व वैद्यकसभांनी जी जागा रिकामी ठेवली होती ती त्याने भरली. पुढे परिषदांच्या खर्चाचा वाटाही कंपन्यांनी उचलला, त्याची मुळे येथे आहेत. केवळ डॉक्टरांच्या लोभावर बोट ठेवल्याने हा इतिहास उलगडत नाही.

अन्यत्र याच सुमारास निराळी वाट चोखाळली जात होती. अमेरिकेतील सामान्य व्यवसायी डॉक्टरांच्या अकादमीने १९४७ साली स्थापनेपासूनच सभासदत्व टिकविण्यास तीन वर्षांत १५० तासांच्या अध्ययनाची अट घातली, आणि १९७१ साली न्यू मेक्सिको राज्याने अशी अट परवान्याशी जोडली. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च येथे १९६१ साली झालेल्या परिषदेनंतर जिल्हा रुग्णालयांतून पदव्युत्तर केंद्रे उभी राहिली. एकाने तास मोजले, दुसऱ्याने डॉक्टराच्या दाराशी वर्ग नेला.

भारताने अखेरीस तास मोजण्याची रीत उचलली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत दर पाच वर्षांत निदान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा असे कलम आले, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणास श्रेयांकांची अट लावली. नव्वद वर्षांनी नोंदपुस्तकाने डॉक्टराला त्याच्या अध्ययनाविषयी प्रथम प्रश्न विचारला. पण तो ‘काय शिकलात’ असा नसून ‘किती वेळ बसलात’ असा होता. या भेदाचे महत्त्व तोवर सिद्धही झाले होते. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टराच्या प्रत्यक्ष उपचारात फरक पडल्याचा पुरावा आढळला नव्हता. चर्चा व सराव यांना वाव असलेल्या वर्गांनी तो पडत होता. एकोणिसाव्या शतकातील सभेत स्वतःचा रोगी घेऊन उभा राहणारा डॉक्टर या दृष्टीने आलिशान सभागृहात श्रेयांक मिळविणाऱ्या श्रोत्यापेक्षा अधिक शिकत असला पाहिजे.

तास सक्तीचे झाले, पण ते कोणाच्या पैशाने भरावयाचे हे ठरले नव्हते. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च व पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. अशा देणग्यांवरचा खर्च कंपन्यांना आयकरातून वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला. वैद्यक परिषदेच्या जागी २०२० साली आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी नियमावली काढली. तीत पाच वर्षांत ३० श्रेयांकांची अट होती, आणि औषध कंपन्यांच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष साहाय्याने भरणाऱ्या परिषदांत व चर्चासत्रांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये असे स्पष्ट कलमही होते. वैद्यकीय संघटनांनी हरकती घेतल्या. तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, ही नियमावली स्थगित करण्यात आली आणि २००२ ची पुन्हा लागू झाली.