सावलीचे भाकीत आणि वहीतील वसंत

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचे गाव आहे. दरवर्षी २ फेब्रुवारीला पहाटे तेथे हजारो लोक जमतात. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातील, बिळात राहणारा प्राणी. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे राहणार, न दिसल्यास वसंत लवकर येणार, असा समज आहे. तेथील हा सोहळा १८८७ सालापासूनचा.

ही प्रथा मूळची युरोपातील. २ फेब्रुवारी हा ख्रिस्ती परंपरेतील कॅन्डलमासचा सण. २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान दिवस असतो आणि २१ मार्चच्या सुमारास वसंतसंपात. त्यांच्या जवळजवळ मध्यावर हा सण येतो. या दिवशी निम्मी वैरण शिल्लक असावी, असा इंग्लंडमधील शेतकऱ्यांचा आडाखा होता. हिवाळा लांबला तर गुरे उपाशी राहणार! म्हणूनच भाकिताची एवढी ओढ. जर्मन शेतकरी बॅजर या प्राण्याची सावली पाहत. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर त्यांनी ते काम ग्राउंडहॉगकडे सोपवले.

या समजुतीत तथ्य किती? युरोपात हिवाळ्यात अटलांटिककडून येणारे ढगाळ वारे उबदार असतात, तर निरभ्र आकाश बहुधा कडाक्याची थंडी आणते. एवढे निरीक्षण बरोबर आहे. पण आजचे आकाश सहा आठवड्यांनंतरची हवा सांगू शकत नाही. शिवाय २ फेब्रुवारीनंतर सहा आठवडे मोजले की १६ मार्च येतो, म्हणजे वसंतसंपात जवळ आलेलाच असतो. तोपर्यंत हिवाळा राहील, हे पंचांगही सांगते! अमेरिकेच्या हवामान खात्याने अलीकडच्या वर्षांची तापमाने ताडून पाहिली, तेव्हा पंक्सटॉनीचे भाकीत निम्म्याहून कमी वेळा खरे ठरलेले आढळले.

वसंताची चाहूल घेण्याचा दुसरा मार्ग इंग्लंडमधील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने धरला. १७३६ साली नॉरफॉक परगण्यात त्याने नोंदी सुरू केल्या. पहिले फूल कधी उमलले, कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटली, बेडूक कधी ओरडले, पाकोळ्या कधी परतल्या, अशा २७ खुणा तो टिपत असे. त्याच्या वंशजांनी, मध्ये काही वर्षांचा खंड पडला तरी, हे काम १९५८ पर्यंत चालवले. मार्शमने भाकीत केले नाही, तारखा लिहिल्या. त्या तारखा तापमानाशी ताडून पाहता आल्या, आणि ऊब वाढली की कोणती झाडे किती लवकर पालवतात हे दोन शतकांनी अभ्यासकांना कळले.

लोकांनी निसर्गाकडे पाहिले, यात उणे काहीच नाही. उणीव होती ती फसलेली भाकितेही लिहून ठेवण्याची. आपल्या शाळेजवळ पळस, पांगारा किंवा काटेसावर असेलच. एकच झाड ठरवून त्याच्या पहिल्या फुलाची तारीख विद्यार्थ्यांना दरवर्षी एकाच वहीत लिहायला सांगावी. वही मात्र पुढच्या वर्गाकडे न चुकता सोपवावी.