मोती, कर्जरोखा आणि प्याला

दोह्याला पाहुणे आले की त्यांना राष्ट्रीय संग्रहालय दाखवायचे, हा आता आपल्या घरोघरचा शिरस्ता झाला आहे. मागच्या थंडीत आमची बडोद्याची आत्या आली होती. तिलाही नेले. मोत्यांच्या दालनात ती एका गालिच्यापुढे थबकली. "अरे, हा तर आमच्या खंडेराव महाराजांचा!"

खरेच होते ते. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला हा गालिचा. त्यावर पंधरा लाखांहून अधिक मोती जडवलेले आहेत आणि ते याच आखातातले, म्हणजे आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते. तो मदिनेला अर्पण करायचा महाराजांचा मानस होता असे सांगतात. पण १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मोती जडवले कोणी ते कळलं. पण समुद्रातून काढले कोणी रे?"

माझा धंदा हिशेबनीसाचा. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी शोधू लागलो ते वह्यांच्या अंगाने. जे हाती आले ते आपल्या सर्वांच्या कामाचे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

विसाव्या शतकाच्या आरंभी लॉरिमर या इंग्रज अधिकाऱ्याने कतारची वस्ती सुमारे २७,००० धरली होती. तिचा फार मोठा भाग मोत्यांवर जगत असे. उन्हाळ्याचे चार महिने गलबते समुद्रात असत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, पायाला दगड बांधून तळाशी जाई, गळ्यातल्या जाळीत शिंपले भरी आणि वर दोर धरून बसलेला सोबती त्याला ओढून घेई. असे दिवसातून कितीतरी वेळा. त्याला पगार नसे. खर्च वजा जाता उरेल त्यात वाटा. घरच्यांच्या पोटासाठी मोसमापूर्वी तो नाखुदाकडून उचल घेई, हिवाळ्यात आणखी घेई. मोसम वाईट गेला की बाकी पुढच्या सालावर. वही नाखुदाकडे, पाणबुड्याला बहुधा अक्षरओळख नसे. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या गलबतावर जाता येत नसे, आणि तो मेला तर कर्ज मुलाच्या नावावर चढे. नाखुदा तरी कुठे सुटा होता? तो व्यापाऱ्याचा देणेकरी, आणि व्यापाऱ्याची नजर मुंबईच्या मोतीबाजारातल्या भावावर.

मग तो भावच कोसळला. जपानच्या मिकिमोतोने १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवून दाखवला होता; १९२० नंतर पूर्ण गोल कृत्रिम मोती युरोपच्या बाजारात आले. त्यावर १९२९ ची जागतिक मंदी. गलबते किनाऱ्याला लागली ती लागलीच. १९३५ मध्ये शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी तेलाचा करार केला, १९३९ च्या सुमारास दुखानला तेल लागले. पण महायुद्धामुळे विहिरी बुजवाव्या लागल्या आणि तेलाची पहिली निर्यात झाली १९४९ च्या अखेरीस. मधल्या वर्षांत उपासमारीने घरेच्या घरे बहारीनला आणि सौदी किनाऱ्याला गेली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. गालिचा घडत होता त्याच सुमारास, १८६५ मध्ये, अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि मुंबईचा कापूसभाव गडगडला. तेजीत सहज कर्ज देणारे सावकार हात आखडू लागले. शिवाय पुढच्या काही वर्षांत सरकारने नव्या मोजणीने शेतसारा वाढवला. व्याज साचू नये म्हणून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरला होता. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळवून नवा रोखा करून घेई, आणि कुणबी त्यावर अंगठा उठवी. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. दंग्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले.

इथे एक गोष्ट मला चटका लावून गेली. सावकाराने नवे कर्ज नाकारले, हेही त्या रागाचे एक मोठे कारण होते. आणि बहारीनमध्ये सरकारने उचलीची रक्कम कमी केली तेव्हा, १९३२ मध्ये, पाणबुड्यांनीच दंगा केला. घसरणीत सापडलेला माणूस घसरण थांबवा म्हणून भांडत नाही. तो पुढच्या पायरीसाठी भांडतो. त्याला वेडा म्हणू नका. घरात दाणा नसताना उचल हाच त्याचा एकमेव उपाय असतो. दर वेळचा उपायच पुढच्या वेळचे दुखणे होतो, हीच या चक्राची किल्ली आहे.

आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सुधाकरच की!" गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यालाच प्रथम रंगभूमीवर आले, याचा तिला कोण अभिमान! सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, ते दुःख विसरायला तळीराम पेला पुढे करतो. पिण्याची लाज वाटते म्हणून ती बुडवायला तो पुन्हा पितो. औषध तेच आणि आजारही तोच.

पण नाटक आणि जीवन यांत मला एक फरक दिसतो. नाटकात पहिला पेला आपल्याला दिसतो. सुधाकराने तिथेच हात आवरला असता तर, असे वाटून जीव हळहळतो. जीवनात पहिला पेला दाखवता येत नाही. पाणबुड्याच्या मुलाने काहीच उचलले नव्हते. तो कर्जातच जन्मला. आणि त्याच्याकडे मनोधैर्य कमी होते असे कोण म्हणेल? श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणारा माणूस तो! निर्धाराने हे चक्र थांबत नाही. ते थांबले, निदान मंदावले, ते वही उघडल्यावर. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार दिला. बहारीनच्या सुधारणांत पाणबुड्याला स्वतःची हिशेबवही मिळाली.

शेवटी घरचेच सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका इंजिनिअर मित्राची नोकरी गेली. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, मुलांची फी, सगळे क्रेडिट कार्डावर. एका कार्डाचे देणे दुसऱ्यावर. घरी पत्ता नाही. रोज सकाळी टाय लावून बाहेर पडायचा. माझ्याकडे तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी पैसे दिले आणि काही विचारले नाही. भिडेखातर. त्याला मी माझा चांगुलपणा समजत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणारा मी, मित्राची वही मागायला लाजलो. चौथ्या वेळी मात्र म्हटले, "पैसे देतो, पण आधी आकडे कागदावर मांडू, आणि वहिनींना बोलावू." तो रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल मागितली. फ्लॅट विकला, बँकेशी तडजोड केली आणि कुटुंब मानाने परत गेले. सहा महिने आधी विचारले असते तर कदाचित फ्लॅट वाचला असता. ती रुखरुख माझ्या खात्यावर आहे.

आपल्या अवतीभवती एजंटाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेले कामगारही आहेत. २०२० मध्ये इथल्या कायद्याने नोकरी बदलताना मालकाच्या परवानगीची अट काढली, ही मोठी गोष्ट झाली. पण गावाकडच्या कर्जाची वही कायद्याला दिसत नाही. ती त्यांच्याजवळ बसूनच वाचावी लागते.

आत्या बडोद्याला परत गेली. गालिच्याचा फोटो तिने दिवाणखान्यात लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती महाराजांची गोष्ट सांगते, आणि मग पाणबुड्यांचीही.