नजरअंदाज

परभणी जिल्ह्याच्या महसुली दफ्तरात खरिपाच्या पैसेवारीचे तीन फेरे होतात, आणि त्यांतील पहिल्याचे नाव मोठे बोलके आहे. सप्टेंबर सरत आला, की उभ्या पिकाकडे पाहून उत्पन्न रुपयात किती पैसे उतरेल याचा जो आकडा गावागणिक धरला जातो, त्यास ‘नजरअंदाज पैसेवारी’ म्हणतात. ऑक्टोबरात ती ‘सुधारित’ होते, आणि पीक कापून, मळून, तोलून झाल्यावर डिसेंबरात ‘अंतिम’. पटवारी आणि अव्वल तालुकदार यांच्या निजामी अमदानीत, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पूर्वी, हाच हिशेब आण्यांत चाले. आणे गेले, पैसे आले, पण ‘अंदाज’ आपल्या जागेवरून हलला नाही.

गंमत अशी, की ज्या उर्दूच्या छायेत मराठवाड्याचे दफ्तर वाढले, त्या उर्दूत ‘नजरअंदाज करणे’ याचा अर्थ नेमका उलटा आहे: दृष्टीआड करणे, कानाडोळा करणे. आपल्याकडे मात्र तोच समास नजरेने केलेल्या मापाला लागला. (पन्नास पैशांच्या आतबाहेर झुलणाऱ्या गावाला या दोन अर्थांतील फरक नेहमीच जाणवतो असे नाही.) एकाच शब्दाच्या पोटी पाहणे आणि न पाहणे ही दोन्ही अपत्ये कशी निपजली, हे कळण्यास त्याचे कूळ शोधीत फारसी मुलखापर्यंत जावे लागते.

फारसीत ‘अंदाख़्तन’ म्हणजे फेकणे, आणि ‘अंदाज’ हे त्याच क्रियापदाचे रूप. तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. पुढे तोफा थंडावल्या आणि हा दुसरा शब्द क्रिकेटच्या मैदानावर चाकरीस लागला. नजर फेकून दिली, की वस्तू दृष्टीआड होते. नजर वस्तूवर फेकली, की तिचे माप येते. याच कुळातील ‘अंदाजा’ हा शब्द अरबांनी उचलला, त्यापासून ‘हंदसा’ म्हणजे भूमिती आणि ‘मुहंदिस’ म्हणजे स्थापत्यज्ञ हे शब्द घडविले. येणेप्रमाणे आपण ज्याला ढोबळपणाचे दुसरे नाव समजतो, त्या शब्दाची सख्खी भावंडे प्रत्यक्ष भूमितीच्या घरी नांदत आहेत. मराठी दफ्तरातील त्याचा जोडीदार ‘अजमास’ हाही फारसी ‘आजमाइश’चा, म्हणजे कसोटीचा, वंशज. फेकून पाहणे आणि पारखून पाहणे या दोन क्रियांवर आपला सारा हिशेब उभा राहिला.

आकाशाविषयी बोलताना मात्र आपल्या लोकांना अंदाज फारसा रुचला नाही. तेथे त्यांना ‘भाकीत’ हवे होते. भाक म्हणजे दिलेला शब्द, वचन. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मेघांना गर्भ राहतो आणि तो 195 दिवसांनी प्रसवतो; एवढ्या नेमक्या मुदतीचा वायदा सावकारसुद्धा करीत नाही. पंचांगातील पावसाची नक्षत्रे कोल्हा, बेडूक, हत्ती अशा वाहनांवर बसून येतात, आणि वाहनावरून पाऊस ओळखणारे वृद्ध आजही गंगाखेड-पालमच्या बाजूस भेटतात. त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. कारण एकोणिसाव्या शतकातील युरोपीय गणिताने जे स्वप्न पाहिले, तेही वायद्याचेच होते. आजची स्थिती आणि गतीचे नियम पुरते ठाऊक असले, की उद्याची स्थिती गणिताने पक्की निघावी, हा तो विश्वास. ग्रहणांच्या बाबतीत तो फळला. वाऱ्याच्या बाबतीत तो मोडला कसा, ही हकीकत अवघ्या सहा दशकांपूर्वीची आहे.

एडवर्ड लॉरेन्झ हे मुळात गणिती. महायुद्धाच्या काळात हवामान सांगण्याच्या कामावर गेले आणि त्याच शास्त्राचे झाले. 1961 च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील त्यांच्या खोलीत रॉयल मॅक्बी नावाचे एक खडखडणारे गणकयंत्र 12 चलांच्या समीकरणांवरून एक काल्पनिक हवामान दिवसामागून दिवस छापीत असे. एका जुन्या फेरीतील काही भाग पुन्हा पाहावा म्हणून त्यांनी मधल्याच एका ओळीचे आकडे कागदावरून वाचून यंत्रात घातले आणि ते कॉफी पिण्यास गेले. तासाभराने परत येऊन पाहतात, तो नवे हवामान जुन्याशी काही काळ जुळून मग असे फटकले होते, की पुढे दोहोंचे नातेही ओळखू येऊ नये. यंत्रातील एखादी निर्वात नळी बिघडली असावी, हा त्यांचा पहिला संशय. दोष नळीचा नव्हता. यंत्र आपल्या पोटात 0.506127 ही संख्या धरून होते, आणि जागा वाचावी म्हणून कागदावर 0.506 एवढीच छापीत होते. चार हजारांत एक एवढी ही तूट. कोणत्याही कारकुनाने ती निर्धास्तपणे सोडून दिली असती.

तीरंदाजाचा हात सुटतेवेळी किंचित हलला, तर तीर निशाणापासून त्याच बेताने ढळतो. अंतर दुप्पट, तर ढळणेही दुप्पट. ही चूक सरळ व्याजाने वाढते. वाहत्या हवेतील चूक मात्र चक्रवाढीने वाढते: ती दर दोनतीन दिवसांनी दुप्पट होते, आणि सावकाराच्या वहीतल्याप्रमाणे थोड्याच काळात व्याजाखाली मूळ रक्कम दिसेनाशी होते. लॉरेन्झ यांनी 1969 मध्ये याहून कठोर गोष्ट दाखविली, ती अशी, की निरीक्षणे कितीही बारीक केली तरी लहान भोवऱ्यांतील चुका मोठ्यांपेक्षा वेगाने वाढत असल्याने दिवसादिवसाच्या हवामानाचा पल्ला दोन आठवड्यांच्या आसपासच अडतो. ब्राझीलमधील फुलपाखराची कथा 1972 च्या एका व्याख्यानाच्या शीर्षकातून जगभर गेली; ते शीर्षकही लॉरेन्झ यांचे नव्हते, सभेची व्यवस्था पाहणाऱ्या फिलिप मेरिलीस यांनी परस्पर दिलेले होते.

मला त्या फुलपाखरापेक्षा लॉरेन्झ यांची 1963 ची तीन समीकरणे परभणीस अधिक जवळची वाटतात. खालून तापविलेल्या द्रवाच्या पातळ थरात काय होते, हा त्यांचा विषय. आँरी बेनार यांनी 1900 मध्ये अशा थरात उठणाऱ्या षट्कोनी घरट्यांचा अभ्यास केला होता. तव्यावर तेलाचा पातळ थर तापत ठेवून तिरप्या उजेडात पाहिले, तर तशी जाळी कोणासही दिसावी. बॅरी सॉल्ट्झमन या संशोधकाच्या गणितात अशा प्रवाहाची 7 चले होती; त्यांतली 4 विझत गेली, उरलेली 3 मात्र कोणत्याच ठरावीक आवर्तनात बसेनात. तीच 3 घेऊन लॉरेन्झ बसले. नियम काटेकोर, दैवाला कोठेही जागा नाही, आणि तरीही वळसा डावीकडचा येणार की उजवीकडचा हे फार पुढचे सांगता येत नाही. आमच्या काळ्या रानावर मे महिन्याच्या दुपारी हेच घडते. जमीन तापते, हवा उकळल्यासारखी वर चढते, चारच्या सुमारास ढगांचे कोंब उठतात, आणि वळीव एका शिवारात पाणी साचवून शेजारच्यात धूळही बसवीत नाही. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे आपल्याकडे म्हणतात. गणिताने त्या म्हणण्यास दुजोरा दिला आहे.

मग उपाय कोणता? तीर एकदाच सोडावयाचा नाही. एडवर्ड एप्स्टाइन आणि सेसिल लीथ यांनी मांडलेली ही कल्पना 1992 मध्ये युरोप-अमेरिकेच्या हवामान केंद्रांत नित्याच्या वापरात आली: आजच्या स्थितीत जाणूनबुजून किंचित फेरफार करून तेच गणित अनेकदा चालवावे, आणि किती तीर कोठे पडतात हे पाहावे. आपल्याकडे पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि हवामान खाते यांनी जून 2018 पासून 12 किलोमीटर जाळीचे जे गणित चालविले, त्यात असे 21 तीर आहेत. एकवीसच का, असे विचारून दूर्वांच्या जुडीकडे बोट दाखविण्याचा मोह मी आवरतो. 20 फेरफारांचे आणि 1 मुळचा, एवढाच त्याचा सरळ हिशेब.

पंधरवड्याच्या या भिंतीपलीकडे काहीच दिसत नाही असे मात्र नाही, आणि ते दाखविणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. पुण्यात 1944 साली जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हार्वर्डमध्ये समुद्रप्रवाहाच्या नागमोडी वळणांवर गणित केले, ज्यूल चार्नी यांच्यापाशी काही काळ काम केले, आणि 1971 मध्ये त्या परतल्या त्या मान्सूनकडे. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर 1980 मध्ये त्यांनी उपग्रहचित्रांवरून दाखविले, की विषुववृत्तीय समुद्रावरचा ढगांचा पट्टा दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकत येतो. पावसाच्या सरी लहरी असतील, पण त्यांच्या तळाशी ही एक संथ चाल आहे. पुढल्याच वर्षी चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी मांडले, की समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींमुळे हंगामाचा सरासरी अंदाज शक्य आहे, जरी अमुक तारखेचा नाही. गाडगीळबाई तेथे थांबल्या नाहीत. अनंतपूर पट्ट्यातील कोरडवाहू भुईमूग नेमका कधी पेरावा, हा प्रश्न त्यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन सोडवावयास घेतला. मला त्यांचे हे काम समीकरणांइतकेच मोलाचे वाटते, कारण तीर कोठे पडेल याची सर्वांत जास्त झळ ज्याला लागते, त्याला विचारल्यावाचून निशाण ठरवता येत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ल्याचे पत्रक निघते. त्यात ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ असे वाक्य असले, की पारावर हशा पिकतो: आमचे ठिकाण तुरळकात आहे की नाही, तेवढे सांगा! वस्तुतः ‘तुरळक’ हे पळवाटेचे विशेषण नव्हे; हवामान खात्याच्या परिभाषेत ते पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणांचे माप आहे, आणि ‘काही ठिकाणी’ हे त्यापुढे पन्नास टक्क्यांपर्यंतचे. भाकितात हे माप नसते. अंदाजात असावे लागते.

जिंतूर तालुक्यातील माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध शेतकरी हे पत्रक नातवाकडून मोबाइलवर वाचून घेतात. गेल्या मृगात एक मंगळवारचे पत्रक ऐकून झाल्यावर ते काही न बोलता उठले, रानात जाऊन त्यांनी खुरप्याने वीतभर माती उकरली, तळचे ढेकूळ मुठीत दाबून पाहिले, आणि मूठ उघडताच ते भुरभुरून पडले. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असे पत्रकात होते. बियाण्याच्या पिशव्या मात्र ओसरीत येऊन पडल्या होत्या, आणि शेजाऱ्याची तिफण चालू झाली होती. “पेरायचं का, आजोबा?” नातवाने विचारले. “आज काय वार?” म्हणाले. बुधवार होता. त्यांनी हात झटकले आणि खुरपे धोतराला पुसून कमरेला खोवले. “परवाचा कागद येऊ दे,” ते म्हणाले.