सहजीवी सूक्ष्मजीव व जातिनिर्मिती

प्राण्यांच्या शरीरात वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे त्यांच्या प्रजननात व वर्तनात बदल होऊन एका जातीपासून दोन जाती निर्माण होऊ शकतात, या कल्पनेस सु. शंभर वर्षांचा इतिहास आहे. दोन समूहांत संकर होऊन सुफल संतती निपजणे थांबले, म्हणजे ते वेगळ्या जाती होऊ लागतात. हा अडसर प्राण्यांच्या स्वतःच्या जनुकांतील फरकांमुळे उत्पन्न होतो, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन वॉलिन यांनी मात्र १९२७ मध्ये जातींच्या उत्पत्तीचे मूळ सूक्ष्मजंतूंशी जडलेल्या सहजीवनात आहे, असे प्रतिपादन केले. पुरेशा प्रायोगिक पुराव्याअभावी ते मागे पडले.

तत्पूर्वी १९२४ मध्ये हर्टिग व वोल्बाख यांना क्यूलेक्स पिपिएन्स डासाच्या जननग्रंथींत एक सूक्ष्मजंतू आढळला होता. १९३६ मध्ये त्यास वोल्बाकिया पिपिएंटिस हे नाव देण्यात आले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हान्स लाव्हेन यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील क्यूलेक्स डासांचे संकर केले. काही संकर निष्फळ ठरत आणि हा गुण केवळ मातेकडून, अंड्याच्या कोशिकाद्रव्यातून, पुढील पिढीत उतरे. यातून नव्या जाती उद्भवू शकतील, असे त्यांनी १९५९ मध्ये सुचविले. याचे कारण वोल्बाकिया होय, हे येन व बार यांनी १९७१–७३ मध्ये टेट्रासायक्लीनने डास जंतुमुक्त करून दाखविले. बाधित नराच्या शुक्राणूंनी फलित झालेले अंडे त्याच वाणाचा जंतू त्यात असेल, तरच सामान्यतः वाढते.

माश्यांच्या कोशांवर अंडी घालणाऱ्या नॅसोनिया या गांधील माशीच्या गणातील सूक्ष्म कीटकांत हा प्रश्न दोन जातींच्या संदर्भात तपासता आला. १९९० मध्ये ब्रेवर व वेरेन यांनी नॅ. व्हिट्रिपेनिस व नॅ. गिराल्टी यांना प्रतिजैव पदार्थ दिल्यावर त्यांच्यात संकर होऊ लागला. तथापि या जोडीत इतर अडसरही होते. २००१ मध्ये नॅ. गिराल्टी व नॅ. लाँगिकॉर्निस या निकटच्या जातींत मात्र जंतुमुक्तीनंतर सुदृढ व प्रजननक्षम संकरज निपजले. म्हणजे येथे जंतुजन्य अडसर इतर संकर-अडसरांच्या आधी निर्माण झाला होता.

वर्तनाविषयीचा पुरावा इतका भक्कम नाही. भिन्न खाद्यांवर वाढविलेल्या फळमाश्या आपल्याच खाद्यावरील जोडीदार निवडतात व प्रतिजैव पदार्थ दिल्यास ही आवड नाहीशी होते, असे २०१० मध्ये इझ्राएलमध्ये आढळले. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये केलेल्या प्रयोगांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. सूक्ष्मजीव संकर रोखू शकतात, एवढे सिद्ध झाले आहे; परंतु बाधा टिकून राहून इतर अडसरांची भर पडली, तरच त्यातून कायमची वेगळी जाती घडते.