हाडांकडून मेंदूकडे: फ्लोराइड, चिंच आणि हळद

हळद मेंदूला फ्लोराइडपासून वाचवते, असा फॉरवर्ड तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. त्यात संपूर्ण खोटं नसतं, म्हणून तर मला त्याची जास्त काळजी वाटते.

भारतात या आजाराची वैद्यकीय नोंद झाली ती १९३७ साली. मद्रासजवळच्या गिंडीतले एच. ई. शॉर्ट आणि त्यांचे सहकारी नेल्लोर भागातले रुग्ण तपासत होते. मान वळत नाही, पाठ वाकत नाही, सांधे जखडलेले. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या भागातले बैल आधीच आखडून चालत होते. डॉक्टरांच्या आधी आजार गोठ्यात दिसला होता.

काही रुग्णांचे पायही लुळे पडायचे. त्याचं कारण हाडांत सापडलं: फ्लोराइडने मणक्यांची हाडं वाढतात, मज्जारज्जूची जागा अरुंद होते आणि नसा दाबल्या जातात. १९६०च्या दशकात पतियाळ्याच्या डॉक्टरांनी पंजाबातल्या रुग्णांमध्ये हेच पाहिलं. थोडक्यात, गुन्हेगार हाड, आणि नस बिचारी मध्ये सापडलेली. फ्लोराइड थेट मेंदूच्या पेशींनाही त्रास देत असेल का, या प्रश्नाला जोर आला तो फार उशिरा, १९९५ साली फिलिस मलेनिक्स यांचे उंदरांवरचे प्रयोग छापून आल्यावर. त्यांवर टीकाही झाली. वाद अजून मिटलेला नाही.

त्यानंतर प्रयोगशाळांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. २०१४ साली उदयपूरच्या संशोधकांनी उंदरांना महिनाभर १२० पीपीएम फ्लोराइडचं पाणी दिलं. काहींना सोबत हळदीतलं कर्क्युमिनही दिलं. कर्क्युमिन मिळालेल्यांच्या मेंदूत, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस भागात, कमी पेशी खराब झाल्या. फ्लोराइडमुळे पेशींवर येणारा ऑक्सिडीकरणाचा ताण कर्क्युमिन कमी करतं, असा त्याचा अर्थ. प्रयोग चांगला आहे. पण आपल्या पिण्याच्या पाण्याची मर्यादा १ पीपीएम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. शिवाय कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही. वरणातली चिमूटभर हळद आणि तो डोस यांची तुलना होत नाही.

मला चिंचेचा प्रयोग जास्त आवडतो, कारण तो माणसांवर झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना रोज जेवणात १० ग्रॅम चिंच दिली, १८ दिवस. २००२ साली निष्कर्ष छापून आले: लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. मज्जापेशींचा इथे संबंध नाही. विष शरीरात साठण्याआधीच थोडं कमी करायचं, एवढाच हिशोब. मात्र मॅग्नेशियम आणि जस्ताचं उत्सर्जन घटलं, म्हणजे चिंच फक्त फ्लोराइडलाच हात लावत नाही.

आणि आपलं घर? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या कितीतरी गावांच्या बोअरवेलमध्ये फ्लोराइड आहे. खोल खडकात मुरलेलं पाणी ते विरघळवून आणतं. उपाय शोधणारी संस्थाही याच विदर्भातली, नागपूरची नीरी. १९७०च्या दशकात तिने नलगोंडा पद्धत बसवली: पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. साधी गोष्ट आहे. पण तुरटी मोजून घालणारं, रोज गाळ काढणारं माणूस लागतं आणि त्याला पगारही लागतो. हळदीचा फॉरवर्ड फुकट असतो.